बुलेटच्या माथ्याला तेल पोचतं का?

मंडळी, ज्यांचं रान पाटाच्या पाण्यावर आहे त्यांना हे सांगायला नको. चारीच्या तोंडाशी असलेल्याचं भिजवणं आधी उरकतं, शेपटाकडच्याला उरलंसुरलं मिळतं, आणि मधली मोरी तुंबली तर तेही नाही. जुन्या एका सिलेंडरच्या फटफटीत तेलाचं अगदी असंच होतं. शेपटाकडचं रान म्हणजे इंजिनाचा माथा.

उदाहरण आपल्या ओळखीचंच घेऊ. १९५५ साली मद्रासेत 'एनफिल्ड इंडिया' कंपनी उभी राहिली आणि इंग्लंडातल्या रेडिचची ३५० बुलेट आपल्याकडे तयार होऊ लागली. तिचं ३४६ घनसेंटिमीटरचं, बिडाच्या सिलेंडरचं इंजिन २०१० च्या सुमारास बंद झालं. तरी या गाड्या गावोगाव अजून चालतात, आणि चालवणाऱ्यांचा त्यांच्यावर जीव असतो.

या इंजिनात सुमारे दोन लिटर तेल खालच्या पेटीतच साठवलेलं असतं. उजव्या बाजूच्या झाकणात दोन लहान पंप असतात. एक तेल पुरवतो, दुसरा तळाशी जमलेलं उचलून परत पाठवतो. पहिला मान क्रँकच्या बेअरिंगचा. तिथून उडालेल्या शिंतोड्यांवर पिस्टन आणि बोअर यांचं भागतं. माथ्यावरच्या रॉकरांसाठी बाहेरून एक बारीक नळी वर जाते. रॉकर भिजवून तेल पुशरॉडांच्या पोकळीतून आपल्या वजनानं खाली उतरतं. तेलाला इथे मोठा दाब नसतो, म्हणून बाजरीच्या दाण्याएवढा कचराही वाट अडवायला पुरतो.

माझ्या गाडीचं तसंच झालं. माथ्यात टकटक वाजू लागली. मेस्त्रीनं टॅपेट लावून दिले. या इंजिनात ते गार असताना लावायचे, पुशरॉड बोटांनी सहज फिरावा पण वरखाली हलू नये इतके. दोन दिवसांत पुन्हा टकटक. असं चार वेळा झालं! अखेर एका म्हाताऱ्या फिटरनं नळीचा माथ्याकडचा बोल्ट खोलून दाखवला, तर आत ठणठणीत कोरडं. झाकणाला फासलेल्या पेस्टची वाळकी कपची भोकात बसली होती. तोवर रॉकर आणि त्याचा ठोकळा दोन्ही झिजून गेले होते. चूक माझीच, आवाज आला त्या दिवशीच तेल पाहायला हवं होतं.

पाहायचं कसं? गाडी कोमट करून चालू ठेवा आणि तो बोल्ट अर्धा आटा सैल करा. पुरता काढू नका. सायलेन्सरचा पाइप तापलेला असतो, तिथे फडकं धरा. मिनिटभरात तेल पाझरलं पाहिजे. न पाझरलं तर गाडी बंद करा आणि नळी व बोल्ट काढून रॉकेलमध्ये धुवा, फुंकून भोकं मोकळी करा, तांब्याचे वायसर नवे घाला. पेस्ट लावायचीच तर बोटाला लागेल न लागेल इतकी. फिल्टर बदलताना त्याची पोकळी तेलानं भरून घ्या, नाहीतर पंप आधी ती भरत बसतो.

घट्ट तेल म्हणजे जास्त रक्षण, असा पुष्कळांचा समज आहे. पौषातल्या पहाटे काकवी ओतून पाहा! गुरुजींनी वर्गात एक बाटली उन्हात आणि एक सावलीत ठेवून तिरप्या पाटीवर ओतून दाखवावी. मुलांना पुन्हा समजावावं लागणार नाही. २०-डब्ल्यू-५० तेलातला पहिला आकडा गारठ्यातल्या वाहण्याचा, दुसरा तापल्यावरच्या घट्टपणाचा. या इंजिनाला ते मानवतं.

आता एक बोलतो, राग मानू नका. दुडूक... दुडूक... अशी अगदी संथ चालणारी गाडी कानाला गोड लागते, पण पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो. फेरे कमी तर तेल कमी. गार गाडीचे फेरे जरा चढे ठेवा, मात्र लगेच पिळू नका. दोन मिनिटं दम धरा, मग निघा.

मोठा पंप बसवावा काय, असंही विचारतात. बसवता येतो, पण सगळ्यात शेवटी. वाट तुंबलेली असेल तर पंपानं काय होणार? आणि वर जास्त चढलेलं तेल वेळेत उतरलं नाही, तर व्हॉल्व्हच्या गाइडमधून आत झिरपतं आणि निळा धूर निघतो.

पेरणीच्या दिवसांत गाडी महिनाभर उभी राहिली तर साठ्यातलं तेल हळूहळू क्रँकच्या बाजूला उतरतं. मोजपट्टी कमी दाखवते म्हणून लगेच वरून ओतू नका. पाच मिनिटं चालवून मग मोजा. त्याआधी माथ्याची दोन्ही झाकणं काढून रॉकरांवर चमचा-चमचा तेल सोडा, झाकणं लावा, डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून दहा-बारा किका मारा, आणि मगच गाडी चालू करा.