एक संगणक, चार पडदे : भुईकाट्यावरील वजन सर्वांना एकाच वेळी कसे दिसते?



या पानावर एरवी आम्ही बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्याची निगा याविषयी लिहितो. या खेपेचा विषय मात्र वावरातला नाही, काट्यावरचा आहे. उमरखेड, महागाव, पुसद भागात गटसभेला बसले की उसाच्या जातीवर बोलणे संपते आणि मागच्या रांगेतून प्रश्न येतो, "साहेब, काटा क्लार्कच्या कॉम्प्युटरवर एक आकडा अन् बाहेरच्या टीव्हीवर दुसरा, असं होऊ शकते का?" कोणी आणखी पुढे जाऊन विचारते, "पडदे चार लावले, पण ते एकच गोष्ट दावतात हे आम्ही कायच्यावरून समजावं?"

प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर "विश्वास ठेवा" असे देऊन चालत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरविली, म्हणजे तोडणी-वाहतूक वजा होण्याआधी किलोला ३ रुपये ५५ पैसे. एका ट्रॉलीत दोन क्विंटलचा फरक पडला तर ७१० रुपये गेले. एकराच्या उसाला किती ट्रॉल्या लागतात हे आम्ही सांगायला नको. 'काटामारी' हा शब्द आपल्याकडे कापसाच्या गाडीपासून चालत आला आहे आणि उसाच्या पट्ट्यातही तो ठाऊक नाही असा माणूस सापडणार नाही. २०२२-२३ च्या हंगामात स्वाभिमानी शेतकरी संघटनेने डिजिटल काट्यांची मागणी लावून धरली होती, आणि बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्याने नाकारू नये अशी सूचना साखर आयुक्तालयाने दिली होती, ती याच कारणाने.

तेव्हा एका कॉम्प्युटरचे चित्र चार पडद्यांवर कसे जाते, हे सभासदांनी नीट समजून घेतलेले बरे. विषय दिसतो तितका अवघड नाही.

पहिल्यांदा वजनाचा प्रवास पाहू. गाडी काट्याच्या पाटावर चढली की खालचे लोडसेल दाबले जातात. हे लोडसेल म्हणजे पोलादाचे ठोकळे. दाब पडला की ते अगदी किंचित, डोळ्याला न दिसण्याइतके वाकतात आणि त्यावर चिकटवलेल्या तारांचा विजेचा रोध बदलतो. तो बदल खोलीतल्या इंडिकेटरकडे जातो आणि त्याचा किलोमध्ये आकडा होतो. वजनाचा आकडा तयार होतो तो इथे, कॉम्प्युटरमध्ये नव्हे. वैधमापन शास्त्र खात्याचा निरीक्षक वर्षातून एकदा येऊन काटा तपासतो आणि सील करतो. इंडिकेटरमधून एक तार कॉम्प्युटरला जाते. कॉम्प्युटर त्या आकड्याला सभासदाचे नाव, गाव, गट, गाडी नंबर जोडतो आणि पावती छापतो. चार पडद्यांची गोष्ट यापुढे सुरू होते.

पडदे कुठेकुठे लागतात? एक क्लार्कच्या टेबलावर. दुसरा खिडकीबाहेर, ड्रायव्हर आणि मुकादमाला बसल्या जागेवरून दिसेल असा. तिसरा गाडीअड्ड्यातल्या शेडमध्ये, जिथे सभासद आपल्या गाडीची वाट पाहतो. चौथा शेतकी कार्यालयात. कॉम्प्युटरला मात्र पडदा जोडायची छिद्रे बहुधा एक किंवा दोनच असतात.

इथे दोन मार्ग आहेत. बाजारात दोन्हींची पेटी जवळजवळ सारखीच दिसते, म्हणून घोटाळा होतो.

पहिला मार्ग स्प्लिटरचा. ही तळहाताएवढी पेटी असते. एका बाजूने एक केबल आत जाते, दुसऱ्या बाजूने दोन, चार किंवा आठ बाहेर पडतात. आत आलेले चित्र जसेच्या तसे सगळीकडे जाते. गावच्या सप्त्यात मंडपाला चार भोंगे लावतात, ते आठवा. माईक एक, बोलणारे महाराज एक, मधे ॲम्प्लिफायर, आणि चारही भोंग्यांतून एकच शब्द. पूर्वेच्या भोंग्यात अभंग आणि पश्चिमेच्या भोंग्यात भारूड, असे त्या जोडणीत होऊच शकत नाही. स्प्लिटरचेही तसेच आहे. पाटाचे पाणी चार दांडांत सोडले तर प्रत्येकाला पाव वाटा येतो, तसे इथे होत नाही. पेटीला स्वतःची वीज असते आणि ती प्रत्येक तोंडाला पूर्ण ताकदीचा संदेश नव्याने पाठवते. म्हणूनच पेटीबरोबर छोटा ॲडॅप्टर येतो आणि तो लावावाच लागतो. जुन्या व्हीजीए केबलला नुसते दोन तोंडांचे जोड लावून लोक काम भागवीत. त्यात चित्र फिके पडे, पण दिसे. आजच्या एचडीएमआयला ती युक्ती लागू पडत नाही.

दुसरा मार्ग हबचा. डिस्प्ले पोर्टच्या एका छिद्रातून दोन-तीन वेगवेगळी चित्रे एकाच केबलने पाठवता येतात आणि हब ती सोडवून प्रत्येक पडद्याला त्याचे चित्र देतो. टपालाच्या एका पिशवीत तीन गावांची पत्रे असावीत आणि पोस्टमनने ती वेगळी करावी, तसे. विंडोजच्या कॉम्प्युटरला यात प्रत्येक पडदा स्वतंत्र दिसतो. एकावर सातबारा, दुसऱ्यावर ऊस नोंद, तिसऱ्यावर नकाशा. आमच्या शेतकी विभागाला हे फार उपयोगी आहे. नोंद घेताना डाव्या पडद्यावर सभासदाचा अर्ज आणि उजव्या पडद्यावर प्लॉटचा नकाशा समोर असला, की एकाच धुऱ्यावरच्या दोन भावांच्या प्लॉटची अदलाबदल लगेच ध्यानात येते. मात्र कॉम्प्युटरच्या ग्राफिक्सची मर्यादा असते. बहुतेक साधी यंत्रे तीन किंवा चार पडद्यांपलीकडे जात नाहीत, हबला तोंडे कितीही असोत. यूएसबीतून पडदा जोडणारे ॲडॅप्टरही मिळतात, पण त्यांतल्या बहुतेकांना वेगळे सॉफ्टवेअर घालावे लागते आणि त्याचा भार कॉम्प्युटरवर पडतो. टाइप-सी छिद्र दिसले म्हणून त्यातून चित्र येईलच असेही नाही. काही छिद्रे फक्त चार्जिंग आणि फायलींपुरती असतात.

आता मुद्द्याचे. हब जास्त हुशार आहे, म्हणून तो काट्यावर लावावा काय? आमचे स्पष्ट मत, लावू नये. हबमुळे प्रत्येक पडद्यावर वेगळे चित्र दाखवता येते, आणि काट्यावर आपल्याला नेमके तेच नको आहे. तिथे स्प्लिटरचा अडाणीपणा कामाचा. त्याला आकडा म्हणजे काय, ऊस म्हणजे काय, काही कळत नाही. कळत नाही म्हणून बदलताही येत नाही. क्लार्कच्या टेबलावरचा पडदासुद्धा त्याच स्प्लिटरच्या एका तोंडातून निघाला पाहिजे, ही अट महत्त्वाची. क्लार्कचा पडदा थेट कॉम्प्युटरला आणि बाहेरचे तीन स्प्लिटरला असे केले, तर बाहेरचे तीन एकमेकांशी जुळतील, पण क्लार्कच्या पडद्याशी जुळतीलच याची खात्री उरत नाही.

हे बाहेर उभे राहून ओळखायचे कसे? अगदी सोपे आहे, कॉम्प्युटर येण्याची गरज नाही. क्लार्कला माऊस हलवायला सांगा. स्प्लिटर असेल तर पडद्यावरचा छोटा बाण चारही ठिकाणी एकाच वेळी, एकाच जागी फिरताना दिसेल. पडदे वेगवेगळे जोडलेले असतील तर बाण एकाच पडद्यावर राहील आणि कडेला गेला की दुसऱ्यावर उडी मारेल. यावर कोणी म्हणेल, विंडोजमध्ये खिडकीच्या चिन्हाची कळ आणि 'पी' दाबून 'डुप्लिकेट' निवडले तरी बाण दोन्हीकडे दिसतो. खरे आहे. पण ते एका कळीने बदलते. स्प्लिटरची जोडणी बदलायला केबल उपसावी लागते, आणि ती पेटी काचेच्या दाराच्या कपाटात, सर्वांना दिसेल अशी बसवता येते. आणखी एक खूण आहे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'आयडेंटिफाय' दाबले की पडद्यावर मोठा अंक उमटतो. कॉम्प्युटरमधून एकच केबल निघून स्प्लिटरला गेली असेल तर चारही पडद्यांवर '१' उमटेल, कारण कॉम्प्युटरच्या लेखी पडदा एकच आहे. गाड्यांची गर्दी नसताना हे करून दाखवायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

बसवण्यातल्या अडचणी थोडक्यात सांगतो, कारण गट कार्यालयात किंवा दूध संस्थेत असे काही करायचे झाले तर उपयोगी पडतील. दुकानात 'स्प्लिटर' मागितला तर कधीकधी 'स्विच' हातात पडतो. त्याचे काम नेमके उलटे, अनेक यंत्रांतून एक निवडून एका पडद्याला देणे. पेटीवर 'इन' एक आणि 'आऊट' अनेक आहेत ना, हे पाहून घ्यावे. चारही पडदे शक्यतो एकाच मापाच्या चित्राचे, १९२० बाय १०८० चे असावेत. प्रत्येक पडदा आपली कुवत कॉम्प्युटरला कळवतो, पण स्प्लिटर असला की कॉम्प्युटरपर्यंत एकाचेच म्हणणे पोचते. त्यामुळे एक जुना टीव्ही मधे घातला की कधी सगळ्यांचे चित्र खालच्या दर्जाचे होते, तर कधी त्या टीव्हीवर काहीच येत नाही.

खरी डोकेदुखी अंतराची. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर दहा-पंधरा मीटरपलीकडे भरवसा ठेवू नये. चित्र लुकलुकते किंवा जाते. गाडीअड्ड्याचे शेड त्याहून लांब असते. मग स्प्लिटरच्या तोंडाला एक्स्टेंडर लावून नेटवर्कच्या कॅट-सिक्स केबलने चित्र न्यावे लागते. एक पेटी इकडे, एक तिकडे. साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंत हे चालते. विजेच्या मोटारीच्या केबलबरोबर ही तार एकाच पाइपात टाकू नये.

आणि वीज पडण्याचा विचार आपल्या भागात केलाच पाहिजे. काटा उघड्यावर, भोवती लोखंड, शेडपर्यंत लांब तांब्याची तार. पावसाळ्यापूर्वीच्या वादळात अशा तारेतून येणारा झटका पडद्यापासून कॉम्प्युटरपर्यंत आणि लोडसेलपर्यंत सगळे खाऊन टाकू शकतो. काचतंतूच्या केबलीतून वीज वाहत नाही, म्हणून लांबच्या पडद्याला ती चांगली. पण काही एचडीएमआय काचतंतू केबलीत तांब्याच्या बारीक ताराही असतात, हे विचारून घ्यावे. शिवाय या केबलीला दिशा असते. कॉम्प्युटरकडचे टोक पडद्याला लावले तर चित्रच येत नाही आणि केबल खराब आहे म्हणून ती परत पाठवली जाते. हंगाम संपला की लांबच्या तारा दोन्ही बाजूंनी काढून ठेवाव्यात, हा सर्वांत स्वस्त उपाय.

पडद्याने काय होत नाही, हेही सांगितले पाहिजे. काट्याचा शून्य बिघडला असेल, पाटाच्या फटीत माती किंवा पाचट अडकली असेल, तर इंडिकेटरचाच आकडा चुकेल आणि स्प्लिटर ती चूक इमानेइतबारे चार ठिकाणी दाखवील. म्हणून गाडी चढण्यापूर्वी आकडा शून्य आहे का, हे पाहावे. रिकाम्या गाडीचे वजन दर खेपेला घेतले जाते की मागचेच धरले जाते, हे पावतीवरच्या वेळेवरून कळते. ट्रॉलीला चिखल लागला, जॅक किंवा फळ्या काढल्या-घातल्या, की रिकामे वजन बदलते. भरलेल्या वजनातून ते वजा होते, म्हणून त्यातली चूकही थेट आपल्या टनांत येते.

कॉम्प्युटरच्या साह्याने सभासदाला त्याचे वजन दाखविण्याचा प्रयत्न सहकारात नवा नाही. कोल्हापूरकडे वारणा खोऱ्यात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' योजनेत सत्तर गावांत कॉम्प्युटरची केंद्रे उघडली होती. आपला ऊस किती गेला, पैसे किती झाले, हे सभासदाला गावातच कळत असे. पुढे २००६-०७ च्या सुमारास त्यातल्या काही गावांत तीच माहिती मोबाइलच्या एसएमएसने देऊन पाहिली, आणि ती सोयीची ठरली. एसएमएस चांगलाच, पण तो येतो तोवर गाडी गव्हाणीत रिकामी झालेली असते. काट्यावरचा पडदा, ऊस अजून गाडीत असताना बोलतो.

म्हणून चार पडद्यांच्या जोडीला काट्याच्या खांबावर लाल अंकांचा मोठा बोर्ड असतो, त्याकडेही लक्ष असू द्या. त्याची तार सरळ इंडिकेटरमधून आलेली असावी, कॉम्प्युटरमधून नव्हे. म्हणजे एकाच वजनाचे दोन वेगळे रस्ते होतात, आणि त्यांची गाठ घालून पाहणे तुमच्या हातात राहते. गाडी पूर्ण थांबल्यावर बोर्डावरचा आकडा, पडद्यावरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा, तिन्ही वाचावेत. फरक दिसला तर गाडी पाटावरून खाली घेऊ नये. ड्रायव्हरला तिथेच थांबायला सांगून काटा प्रमुखाला आणि शेतकी कार्यालयातल्या माणसाला बोलवावे. मागे रांग लागेल, हॉर्न वाजतील, वाजू द्यावेत.

ऊस विकास अधिकारी