दोन फुटांच्या खिडकीचा झिरझिरीत पडदा

रायगड जिल्ह्यातल्या नागोठण्यात पडद्याचं कापड विणलं जात नाही. बाजारपेठेतल्या दुकानात मिळणारं नेट, वॉईल किंवा ऑर्गेंझा सुरत-भिवंडीकडच्या मागांवरून येतं. पण त्या कापडाच्या पॉलिएस्टर धाग्याला जी दोन मुख्य रसायनं लागतात, त्यांतलं एक गावाला लागूनच तयार होतं. १९७४ साली मुंबई हायमध्ये तेल आणि वायू सापडला. तिथला वायू उरणला येतो आणि त्यातून वेगळे काढलेले इथेन आणि प्रोपेन नळातून नागोठण्याच्या संकुलात पोचतात. हे संकुल ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आयपीसीएल या सरकारी कंपनीने उभारलं, २००२ नंतर ते रिलायन्सकडे गेलं. इथेनपासून इथिलीन आणि इथिलीनपासून ग्लायकॉल होतं. एक किलो पॉलिएस्टरला असं साधारण ३४० ग्रॅम ग्लायकॉल लागतं, उरलेला वाटा टेरेफ्थॅलिक आम्लाचा. ते आम्ल आणि पॉलिएस्टरचा धागा बनवणारं पाताळगंगेचं संकुलही याच रायगड जिल्ह्यात. धाग्याचा कारखाना तिथे १९८२मध्ये सुरू झाला. नागोठण्याच्या एखाद्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलेला पडदा म्हणजे मुंबईच्या समुद्राखालचा वायू असू शकतो. मला या गोष्टीचं नवल अजून ओसरलेलं नाही.

कोकणात या धाग्याने सुती वॉईलला मागे सारलं, त्याला कारण पाऊस. पॉलिएस्टर हवेतला ओलावा जेमतेम अर्धा टक्का धरतं, सूत आठ टक्क्यांच्या आसपास. आषाढात धुतलेला सुती पडदा दोन दिवस ओलसर राहतो आणि त्याला कुबट वास येऊ लागतो. पॉलिएस्टरचा पडदा पिळून दांडीवर टाकला की संध्याकाळपर्यंत वाळतो. पण हेच कापड पडदा शिवणाऱ्याला आडवं येतं. कापड हलकं आणि निसरडं असतं, अंगात वजन नसतं. दोन फुटांच्या खिडकीचा सगळा पडदा तागडीत टाकला तर शंभर ग्रॅमही भरत नाही. मोठ्या दारावर उंचीमुळे तरी कापड खाली ओढलं जातं. लहान खिडकीत तेवढी उंचीच नसते. खाडीकडून वाऱ्याची झुळूक आली की पडदा गजांना चिकटतो नाहीतर वर उडून दांडीवर बसतो, आणि वारा थांबल्यावरही चुण्या सरळ पडत नाहीत.

म्हणून खालची हातविणीची लेस. तिला लोक सजावट समजतात आणि सजावट म्हणून नको म्हणतात. माझं म्हणणं असं, की लहान खिडकीच्या झिरझिरीत पडद्यात काम करणारा भाग लेसच आहे. सुती दोऱ्याची दोन इंची पट्टी तळाला बसली, की कापडाला खाली ओढणारं काहीतरी मिळतं, प्रत्येक चुणीच्या टोकाला थोडा भार येतो आणि पडदा पडद्यासारखा लोंबतो. बाजारातली तयार नायलॉन लेस दिसायला तशीच असते, पण तीही कापडाइतकीच हलकी. तिने हे काम होत नाही.

आता मापं. खिडकी २४ इंच रुंद, ३० इंच उंच धरू. दांडी किंवा स्प्रिंग दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच पुढे, म्हणजे २८. झिरझिरीत कापडाला निदान दुप्पट घेर हवा. त्याहून कमी घेतला की चुण्या न दिसता ताणलेली मच्छरदाणी दिसते. तयार पडदा ५६ इंच रुंद झाला. दोन्ही कडांना एक इंचाची दुहेरी दुमड, त्याचे चार इंच, म्हणजे कापायचं ६० इंच. उंचीला तयार कापड ३२, नेफ्याला दोन, तळाच्या दुमडीला दोन, एकूण ३६. इथे लहान खिडकीचा एक फायदा आहे. पन्हा ४८ किंवा ५४ इंचांचा असतो, आणि आपल्याला उंची ३६चीच हवी. तेव्हा कापड आडवं लावायचं, लांबीची रुंदी करायची. दीड मीटरहून थोडं जास्त घेतलं की मधे जोड येत नाही. झिरझिरीत कापडातला जोड उजेडात काळ्या रेघेसारखा दिसतो, तो टाळता आला तर अर्धी लढाई जिंकली. मात्र कापडाची मूळ किनार कापून टाकावी. ती घट्ट विणलेली असते आणि पुढे आवळून कड सुरकुतवते.

दुमडीबद्दलही उजेडाचाच विचार करावा लागतो. साध्या कापडात आपण पाव इंच आत मुडपून वर एक इंच दुमडतो. इथे तसं केलं तर ती पाव इंचाची पट्टी बाहेरून वेगळ्या छटेची दिसते. म्हणून एक इंच आणि पुन्हा एक इंच, अगदी सारखं, म्हणजे कच्ची कड घडीपर्यंत जाऊन भिडते आणि सगळी पट्टी एकाच दाटपणाची दिसते. मशीनला नेहमीची सोळा नंबरची सुई नको, अकराची नवी सुई घ्यावी. बोथट सुई धागे ओढते. टाका थोडा लांब, ताण सैल. कापड खालच्या दात्यांत ओढलं जात असेल तर खाली पातळ कागदाची पट्टी ठेवून टीप मारावी आणि नंतर कागद फाडून काढावा. छापील वर्तमानपत्र वापरू नये, शाई पांढऱ्या कापडाला लागते. इस्त्री कोमटच.

क्रोशाने लेस विणण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक उभ्या लांबीची: आधी सगळ्या ५६ इंचांची साखळी घालायची, मग तिच्यावर मुके खांब, खांब आणि कमानींच्या ओळी. ही दिसते सोपी, पण साखळीचा अंदाज चुकला की शेवटी नक्षी अर्धी उरते. दुसरी आडवी: दोन इंचांच्या रुंदीची छोटी ओळ घालून तीच पुढे-मागे विणत न्यायची, म्हणजे लेस पट्टीसारखी हळूहळू लांब होत जाते. पडद्यासाठी मला दुसरी पटते. हवी तिथे थांबता येतं, दोन कमानी जास्त झाल्या तर उसवता येतात. आणि लक्षात घ्या, खिडकी दोन फुटांची असली तरी लेस जवळजवळ पावणेपाच फुटांची विणायची आहे, कारण ती चुण्या पडण्याआधीच्या सपाट कापडाला बसते. विणणारीच्या कष्टातले निम्मे टाके चुण्यांच्या घड्यांत जातात.

सगळ्यात महत्त्वाचं, लेस लावण्याआधी धुवायची. सूत पहिल्या पाण्यात आटतं, पॉलिएस्टर आटत नाही. कोरी लेस तशीच शिवली, तर पहिल्याच धुण्यानंतर तळ आवळून पडदा पिशवीसारखा होतो. गरम पाण्यात भिजवून, सपाट पसरून, टाचण्यांनी कमानी ताणून वाळवावी आणि मगच मापावी. मग हातानेच, कडेच्या घडीवर बारीक तिरक्या टाक्यांनी, किंचित सैल धरून शिवावी.

या हातकामाला दाम मिळत नाही, हे जुनंच दुखणं आहे. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२मध्ये पुस्तक लिहिलं. परदेशी निर्यात होणारा माल त्या घरात बसून विणत होत्या, आणि त्यांची गणना मात्र कामगारांत नव्हे, रिकाम्या वेळात विणणाऱ्या गृहिणींत होत होती. आपल्याकडेही क्रोशाचं काम नातेवाइकांना भेट म्हणून देतात, विकायचं म्हटलं की दोऱ्याच्या गुंडीची किंमत विचारली जाते. ज्या लेसमुळे पडदा नीट पडतो, तिचा हिशेब कापडाच्या मीटरआधी व्हायला हवा.

हा पडदा दिवसा आड करतो, पण रात्री आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं. न्हाणीघराला किंवा निजायच्या खोलीला एकटा पुरत नाही. मागे जाड पडदा लागतोच. स्वयंपाकघराला, जिन्याला, देवघराला मात्र तो पुरेसा आहे.

पश्चिमेच्या उन्हात झिरझिरीत कापड काही वर्षांत विरतं, चुण्यांच्या घडीवर आधी. सुती लेसचा दोरा जाड असतो, ती मागे राहते. हातशिलाई असल्याने ती कापडाला धक्का न लावता उसवता येते. नवं कापड आणताना मग खिडकी मापायची गरज नाही. लेस सपाट पसरून मापावी, ती ५५ भरली तर कापड ५९ इंच कापावं.