वाहतूक नियोजनासाठी खुली आकडेवारी

शहरातले लोक कामावर कसे जातात, याचा भारतातला सर्वांत व्यापक खुला स्रोत म्हणजे २०११ च्या जनगणनेचा ‘बी-२८’ तक्ता. पायी, सायकल, दुचाकी, बस, रेल्वे अशा साधनांनुसार आणि अंतरानुसार त्यात कामगारांची संख्या मिळते. मात्र शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार त्यात नाहीत; विद्यार्थी व गृहिणींचा प्रवासही नाही. त्यामुळे एवढ्यावरच बसमार्ग आखणे अन्यायाचे ठरेल. ‘वाहन’ संकेतस्थळावर नोंदणीचे आकडे मिळतात, पण नोंदलेले प्रत्येक वाहन रस्त्यावर असतेच असे नाही. रस्त्यांच्या नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप उपयोगी पडतो. दिल्लीने बसगाड्यांची वेळापत्रके आणि प्रत्यक्ष ठिकाणे अभ्यासकांना खुली केली आहेत. इतर शहरांनीही तसे करावे.