उकाड्यातला फर: खुंट जपानचा, शेंडा अमेरिकेचा

अंबडचा मोसंबी बागायतदार रोपवाटिकेत गेला की आधी खुंटाची चौकशी करतो. रंगपूर की जंबेरी? फळ वर लागते, पण चुनखडी, पाण्याचा ताण आणि डिंक्या यांच्याशी गाठ पडते ती मुळांची. म्हणून मराठवाड्यात मोसंबीचा डोळा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरण्याची शिफारस केली जाते. फरसारखे थंड डोंगरावरचे झाड उकाड्यात जगवण्यासाठी अमेरिकेच्या आग्नेय भागात हीच युक्ती वापरली जाते, आणि नवल म्हणजे तिथला शत्रूही मोसंबीचाच आहे: फायटोफ्थोरा.

फर म्हणजे अबीज. या प्रजातीच्या जगात सुमारे पन्नास जाती, सगळ्या उत्तर गोलार्धातल्या. आपल्याकडे त्या हिमालयात, साधारण दोन हजार मीटरच्या वर भेटतात. अंबड साडेएकोणीस अंश अक्षांशावर आहे. ग्वाटेमालातला फर त्याहूनही विषुववृत्ताच्या जवळ वाढतो, पण उंच, गार डोंगरमाथ्यावर. सपाटीवरचा उकाडा सोसणारी फरची जात विरळाच.

अशी एक जात जपानने दिली. मोमी, शास्त्रीय नाव अबीज फर्मा. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू बेटांच्या सखल टेकड्यांवर ती वाढते. तिथला उन्हाळा दमट, घामट, पावसाचा. कोवळ्या झाडाची पाने टोकाला दुभंगलेली आणि हाताला चांगलीच टोचणारी. १८४२ मध्ये झीबोल्ट आणि झुकारिनी यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले, तरी तिची खरी किंमत कळायला विसावे शतक सरत यावे लागले.

अमेरिकेत नाताळसाठी सर्वात लाडका फर म्हणजे फ्रेझर. मूळचा ॲपलेशियन पर्वतांच्या माथ्यावरचा. तो खाली चिकणमातीत आणला की मुळे कुजतात आणि झाड तांबूस पडून वाळते. फायटोफ्थोराला आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण ती खऱ्या बुरशीच्या कुळातली नाही. तिचे बीजाणू साचलेल्या पाण्यात अक्षरशः पोहत मुळांपर्यंत जातात. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी फरच्या अनेक जातींची रोपे या रोगासमोर उभी केली. सर्वात कणखर निघाली मोमी. मग मोमीच्या खुंटावर फ्रेझरचे कलम बांधले जाऊ लागले.

इथे मोसंबीवाल्याला चकित करणारी एक गोष्ट आहे. मोसंबीचा डोळा आडव्या फांदीवरून घेतला तरी त्यातून सरळ झाड उभे राहते. फरचे तसे नाही. कलमाची काडी बाजूच्या फांदीची असली तर ती खुंटावर जगते, वाढते, पण वर्षानुवर्षे आडवीच पसरत राहते. आपण फांदी होतो हे ती विसरत नाही. म्हणून काडी शेंड्याचीच घ्यावी लागते, आणि शेंडे मोजकेच असल्यामुळे कलमे महाग पडतात.

मग मोमी अंबडला लावावा का? माझे मत स्पष्ट आहे: जमिनीत तरी नको. दमट उष्णता त्याला चालते, पण आपला एप्रिल-मे कोरडा आणि चाळिशी ओलांडणारा. त्याला विसाव्यासाठी खरी थंडी हवी. आपला हिवाळा त्यामानाने फारच सौम्य. आणि माती. फरला आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन लागते. आपली काळी माती विम्लधर्मी, चुनखडीची आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी. हौसच असेल तर मोठ्या कुंडीत, पालापाचोळ्याच्या सैल मातीत, दुपारच्या सावलीला ठेवून पाहावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी टाळून साठवलेले पावसाचे द्यावे. बुंध्याशी माती चढवू नये. मोसंबीच्या कलमाचा जोड आपण उघडा ठेवतो, तसाच इथेही.

अंगणात सूचिपर्णी झाडाची ऐट हवी असेल तर अरॉकेरिया बरा. आपल्याकडे रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून बहुतेक तोच मिळतो. तो फर नव्हे. पण त्यातला कुक पाइन उष्ण कटिबंधातलाच, मूळचा न्यू कॅलेडोनियाचा. १७७४ मध्ये कॅप्टन कुकचे जहाज तिथे पोचले, तेव्हा किनाऱ्यावरचे ते सरळसोट खांब झाडे आहेत की बेसाल्टचे स्तंभ, यावर जहाजावर वाद रंगला होता. दख्खनच्या काळ्या कातळावर राहणाऱ्यांना त्या वादाची गंमत अधिक कळेल.

पण ही झाडे पुरती सरळसोट नसतात. पाच खंडांतल्या २५६ कुक पाइनची मोजणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. झाडे सरासरी साडेआठ अंशांनी कललेली होती, आणि बहुतेक सगळी विषुववृत्ताकडे. उत्तर गोलार्धातली दक्षिणेला, दक्षिण गोलार्धातली उत्तरेला. विषुववृत्तापासून जितके लांब तितका कल जास्त. उन्हाकडे झुकणारी झाडे पुष्कळ असतात, पण साऱ्या जगभर अशी एकमताने झुकणारी दुसरी जात त्या संशोधकांना माहीत नव्हती. अंबड परिसरात कोणाच्या दारात जुना कुक पाइन असेल तर होकायंत्र आणि ओळंबा घेऊन खाली उभे राहावे. शेंडा बहुधा दक्षिणेकडे गेलेला दिसेल.