मेन स्ट्रीटवरचा डिसेंबर

लेखमाला : पेठ आणि गाव | भाग सातवा

मागच्या भागात शिकागोच्या टपाल-व्यापाराची गोष्ट आली होती. जाडजूड कॅटलॉग छापून, रेल्वे आणि टपालखात्याच्या जोरावर माँटगोमेरी वॉर्ड आणि सीअर्स या कंपन्यांनी अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत दुकान नेलं. त्या लाटेत गावोगावच्या पेठा वाहून जायला हव्या होत्या. तसं झालं नाही. उलट दुसऱ्या महायुद्धानंतरची दहा-पंधरा वर्षं छोट्या गावांच्या पेठांना चांगलीच बरकतीची गेली. ती बरकत सगळ्यात ठळक दिसायची थँक्सगिव्हिंग ते नाताळ या चार आठवड्यांत. हे चार आठवडे नीट पाहिले, की अमेरिकन छोटं गाव कशावर उभं होतं ते कळतं. तिथे सणाचा खर्च पेठ उचलत होती आणि पेठेचं वर्ष सण तारून नेत होता. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत होता.

मॅसॅच्युसेट्समधलं स्टॉकब्रिज हे तेव्हा दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. चित्रकार नॉर्मन रॉकवेल १९५३ मध्ये तिथे राहायला आले आणि त्यांनी मेन स्ट्रीटवरच्या, म्हणजे गावच्या मुख्य रस्त्यावरच्या, एका दुकानाच्या माडीवर आपला स्टुडिओ थाटला. १९५६ मध्ये त्यांनी याच रस्त्याचं नाताळातलं चित्र रंगवायला घेतलं. ते ‘मॅकॉल्स’ मासिकात छापून आलं ते थेट डिसेंबर १९६७ मध्ये. चित्रात इमारतींची लांब रांग आहे, उजळलेल्या काचा आहेत, टपावर झाड बांधून निघालेली मोटार आहे आणि बर्फातून चालणारी माणसं आहेत. उजव्या टोकाचं रेड लायन इन हे हॉटेल मात्र अंधारात आहे, कारण त्या काळी ते हिवाळ्यात बंद असे. दुकान, बँक, हॉटेल असं सगळं गाव चालत पाच मिनिटांच्या टप्प्यात. चित्रात दिसत नाही ते एकच : या रस्त्यावरून पैसा फिरायचा कसा?

पन्नास हप्त्यांचा सण

हा पैसा फिरायचा जानेवारीपासून. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल या छोट्या गावातल्या बँकेने १९०९ मध्ये एक साधी योजना काढली. खातेदाराने दर आठवड्याला ठरलेली छोटी रक्कम भरायची आणि नाताळच्या तोंडावर सगळी एकरकमी उचलायची. ‘ख्रिसमस क्लब’ या नावाने ही योजना देशभर पसरली. पन्नास आठवडे, पन्नास हप्ते. आठवड्याला एक डॉलर भरणाऱ्याच्या हातात वर्षाअखेरी पन्नास डॉलर पडत. व्याज नाममात्र, बरेचदा शून्य. आपल्याकडे वसाहतींमधून दिवाळीसाठी चालणाऱ्या भिशीसारखाच हा मामला. फायदा व्याजाचा नव्हताच, पैसा हाताबाहेर राहण्याचा होता. बँकेचे हे धनादेश नोव्हेंबरात एकाच सुमाराला निघत. त्यामुळे गावातल्या प्रत्येक दुकानदाराला गिऱ्हाइकाचा खिसा कधी भरणार हे नेमकं ठाऊक असे, आणि त्याची जाहिरातही गावच्या साप्ताहिकात त्याच आठवड्यात झळके.

ज्यांच्याकडे साठवण नव्हती त्यांच्यासाठी ‘लेअवे’ होतं. सायकल, कोट, बाहुली काहीही पसंत करायचं, थोडे पैसे देऊन चिठ्ठी लावून घ्यायची. वस्तू दुकानाच्या मागच्या खोलीत राही. दर पगाराला थोडे थोडे पैसे भरायचे आणि शेवटचा हप्ता फिटला की वस्तू घरी. मुलांपासून भेट लपवण्याची सोयही त्यात आपोआप होई.

तिसरा मार्ग उधारीचा. किराणा, औषधं, अवजारं विकणारा दुकानदार वहीत नाव लिहून माल देई आणि कापूस, मका किंवा दूध विकलं गेलं की शेतकरी खातं चुकतं करी. ही उधारी तारणावर नव्हती, ओळखीवर होती. कोणाचा मुलगा आजारी आहे, कोणाची गिरणी बंद पडली आहे, हे दुकानदाराला माहीत असे. साखळी दुकानांनी मात्र रोखीचा नियम धरला होता. वायोमिंगमधल्या केमरर या खाणकामगारांच्या गावात १९०२ मध्ये सुरू झालेलं जे. सी. पेनी हे दुकान देशभर पसरलं तरी १९५८ पर्यंत त्याने उधारी दिली नाही. म्हणून त्याच रस्त्यावरचा स्थानिक दुकानदार टिकून राहिला. त्याचा माल पेनीपेक्षा थोडा महाग असला, तरी तो डिसेंबरात ‘जानेवारीत बघू’ म्हणू शकत होता.

पाच-दहा सेंटांचा दरबार

मुलांच्या दृष्टीने या रस्त्याचा राजा होता पाच-दहा सेंटांचं दुकान. फ्रँक वूलवर्थ यांनी १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये हा प्रकार यशस्वी करून दाखवला. माल उघड्या मेजांवर मांडायचा, किंमत ठरलेली, गिऱ्हाइकाने हात लावून पाहायचं. दहा सेंटांत आईसाठी अत्तराची छोटी बाटली किंवा वडिलांसाठी रुमाल येई. लहान मुलाला स्वतःच्या कमाईतून भेट देता येईल अशी गावातली ही एकमेव जागा होती.

झाडावर टांगायचे काचेचे रंगीत गोळेही इथेच मिळत. हे गोळे आधी जर्मनीतल्या लाउशा गावातून येत. तिथली कुटुंबं घरोघरी काच फुंकून ते बनवत. महायुद्धाची चाहूल लागली आणि आयात अडचणीत आली. तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग या गावच्या काच कारखान्याने विजेच्या दिव्यांचे फुगे बनवणारं आपलं अजस्र यंत्र १९३९ मध्ये या गोळ्यांसाठी वापरलं. हाताने दिवसभरात जेवढं व्हायचं तेवढं यंत्रातून काही मिनिटांत बाहेर पडू लागलं. युद्धाच्या वर्षांत धातू मिळेना, तेव्हा गोळ्यांच्या टोप्या पुठ्ठ्याच्या झाल्या. आजही जुन्या अमेरिकन घरांतल्या खोक्यांत अशा पुठ्ठ्याच्या टोपीचे गोळे सापडतात.

अवजारांच्या दुकानाच्या काचेत लायनेल कंपनीची विजेवरची खेळण्यातली आगगाडी गोल गोल फिरत असे. घराघरांत कॅटलॉग असे तो सीअर्सचा. १९३३ पासून सीअर्स नाताळसाठी वेगळा कॅटलॉग काढत होती. मुलं त्यातल्या चित्रांभोवती पेन्सिलीने गोल करत आणि तो ऐवज आई गावातल्या दुकानात मिळतो का ते पाही. कॅटलॉगने इच्छा जागवायची आणि मेन स्ट्रीटने ती पुरवायची, असं बरेचदा घडे.

टीव्हीने या व्यवहाराची गती बदलली. १९५० मध्ये अमेरिकेतल्या दर शंभर घरांपैकी साधारण नऊ घरांत टीव्ही होता. १९६० मध्ये सत्त्याऐंशी घरांत. १९५२ मध्ये बाजारात आलेलं ‘मिस्टर पोटॅटो हेड’ हे टीव्हीवर जाहिरात झालेलं पहिलं खेळणं. किंमत अठ्ठ्याण्णव सेंट, आणि डोळे-नाक खोचायला बटाटा घरचा. १९५४ च्या डिसेंबरात डिस्नेच्या टीव्ही कार्यक्रमात डेव्ही क्रॉकेट हा रानावनातला शिकारी नायक आला आणि पुढच्या वर्षभर पोरांना रॅकूनच्या कातड्याच्या टोपीशिवाय दुसरं सुचेना. देशभरातल्या सगळ्या मुलांना एकाच वेळी एकच वस्तू हवी, ही गोष्ट नवी होती. ती वेळेवर मागवण्यात छोट्या दुकानदाराची खरी परीक्षा होती.

नोव्हेंबरचा तिढा

सणाचा हंगाम सुरू कधी करायचा, हा प्रश्न तर थेट अध्यक्षांपर्यंत गेला. थँक्सगिव्हिंगआधी नाताळची जाहिरात करणं तेव्हा बरं दिसत नसे. १९३९ मध्ये थँक्सगिव्हिंगचा दिवस, म्हणजे नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार, तीस तारखेला आला आणि खरेदीचे दिवस घटले. व्यापाऱ्यांच्या विनंतीवरून फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे ओढला. गदारोळ उडाला. कॅलेंडरं छापून झाली होती, शाळा-कॉलेजांचे फुटबॉलचे सामने ठरले होते. जवळपास निम्म्या राज्यांनी नवी तारीख पाळली, बाकीच्यांनी जुनी. राज्याच्या सीमेवर राहणाऱ्या कुटुंबांत एका घरात टर्की शिजत होती आणि दुसऱ्या घरातली माणसं कामावर होती. शेवटी संसदेने कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम केला आणि त्यावर डिसेंबर १९४१ मध्ये सही झाली.

बंबावरचा सांताक्लॉज

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवसापासून गाव कामाला लागे. व्यापारी संघ वर्गणी काढून रस्त्यावर आडव्या दिव्यांच्या माळा लावी. अनेक गावांत सांताक्लॉज अग्निशामक बंबावर बसून येई आणि मुलांना संत्रं, शेंगा, साखरेच्या गोळ्या भरलेली कागदी पिशवी देई. शनिवारी सकाळी सिनेमागृहात मुलांसाठी फुकट खेळ लावला जाई. त्याचे पैसे दुकानदार भरत, कारण त्या दोन तासांत आईवडिलांना निवांत खरेदी करता येई. एरवी संध्याकाळी सहाच्या आत बंद होणारी दुकानं डिसेंबरात रात्री नऊपर्यंत उघडी राहत. रविवारी मात्र शुकशुकाट, कारण बहुतेक राज्यांत रविवारच्या व्यापाराला कायद्यानेच बंदी होती. त्या दिवशी चर्च भरलेलं असे. हंगामात चर्चच्या तळघरात तिथल्या बायकांनी शिवलेल्या, विणलेल्या, भाजलेल्या वस्तूंची विक्रीही चाले. त्या पैशातून गरजू घरांत टोपल्या जात.

या सगळ्यात कोण सण साजरा करतंय आणि कोण धंदा करतंय, हे वेगळं काढता येत नव्हतं. सांता झालेला माणूस बरेचदा गावचाच कोणी व्यापारी असे.

क्लार्क्सडेलची मिरवणूक

पण ‘गाव’ म्हणजे नेमके कोण? मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेलमध्ये १९६१ साली हा प्रश्न उघडपणे पुढे आला. कापसाच्या पट्ट्यातलं हे गाव एकवीस हजार वस्तीचं. ज्या काउंटीत ते आहे तिथे कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. दक्षिणेतल्या असंख्य दुकानांत त्यांचे पैसे चालत, पण टोपी किंवा कपडे घालून पाहायची मुभा नसे. खाण्याच्या काउंटरवर बसता येत नसे. विक्रेता त्यांच्या बायकांना ‘मिसेस’ म्हणत नसे, नुसत्या नावाने हाक मारी.

त्या वर्षी गावातल्या कर्त्या मंडळींनी ठरवलं, की नाताळच्या मिरवणुकीत कृष्णवर्णीय शाळा-कॉलेजांची बँडपथकं नकोत. मुलांनी सराव केला होता. राज्यातल्या नागरी हक्क चळवळीचे पुढारी एरन हेन्री हे क्लार्क्सडेलमध्येच औषधांचं दुकान चालवत. स्वतः व्यापारी असल्याने डिसेंबरचा गल्ला काय असतो हे त्यांना नेमकं कळत होतं. त्यांनी आणि केशरचनेचं दुकान चालवणाऱ्या व्हेरा मे पिगी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी थेट प्रश्न टाकला : ज्या रस्त्यावरून आम्हाला मिरवता येत नाही, त्या रस्त्यावर आम्ही खरेदी का करावी? ऐन हंगामात बहिष्कार पुकारला गेला. मागण्या साध्या होत्या : दुकानांत नोकऱ्या आणि गिऱ्हाईक म्हणून सन्मानाने वागणूक. त्याच डिसेंबरात हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांना व्यापारात अडथळा आणण्याचा कट केल्याच्या आरोपावरून अटक झाली. बहिष्कार त्या नाताळापुरता राहिला नाही, पुढेही चालू राहिला.

मिरवणूक आणि गल्ला यांचं नातं क्लार्क्सडेलच्या कृष्णवर्णीयांनी गावच्या व्यापाऱ्यांइतकंच अचूक ओळखलं होतं. त्यांनी सण नाकारला नाही, त्यातला आपला वाटा मागितला.

हमरस्त्याकडे

याच सुमाराला दुसरीकडून पाया खचत होता. १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि एक्केचाळीस हजार मैलांचं जाळं आखलं गेलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मिनेसोटातल्या इडाइना इथे साउथडेल सुरू झालं. वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यांचा हा आराखडा म्हणजे देशातला पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल. बाहेर बर्फ पडत असताना आत कोट काढून फिरता येत होतं.

छोट्या गावांवर मोठा घाव मात्र सवलतीच्या दुकानांनी घातला. १९६२ या एकाच वर्षात केमार्ट, टार्गेट आणि वॉलमार्ट या तिन्हींची पहिली दुकानं उघडली. त्यातल्या वॉलमार्टचे सॅम वॉल्टन हे मेन स्ट्रीटचेच लेकरू. १९५० मध्ये त्यांनी आर्कान्सामधल्या बेंटनव्हिल या तीनेक हजार वस्तीच्या गावात, चौकातलं एक दुकान विकत घेऊन पाच-दहा सेंटांचा धंदा मांडला होता. तिथून जवळच असलेल्या रॉजर्समध्ये त्यांनी २ जुलै १९६२ रोजी पहिलं वॉलमार्ट उघडलं. भाव कमी, मोटारी लावायला ऐसपैस जागा आणि उधारीची वही नाही.

गिऱ्हाइकाचा यात फायदा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. सायकल स्वस्त मिळाली, कोट घालून पाहायला कोणाची परवानगी लागेना. पण हमरस्त्यावरचं दुकान ज्या गावाच्या हद्दीत, त्याच गावात सगळी गिऱ्हाइकं राहत नव्हती. तिथला व्यवस्थापक बदलीचा माणूस. मेन स्ट्रीटवर दिवे लावण्यासाठी कोणी वर्गणी मागायला आलं, तर ती द्यायची की नाही हे दूरच्या कचेरीत ठरे. जुनी दुकानं एकेक करून मिटली तशी दिव्यांची, मिरवणुकीची, संत्र्यांच्या पिशव्यांची जबाबदारी नगरपालिकांवर आणि रोटरी, लायन्ससारख्या मंडळांवर आली. काही गावांनी ती पेलली, काहींनी माळा उतरवून ठेवल्या.

पुढच्या भागात : साउथडेल उभारणारे व्हिक्टर ग्रुएन यांना व्हिएन्नासारखा चौक हवा होता. तो त्यांना मिळाला का, आणि पुढे त्यांनी स्वतःच मॉलकडे पाठ का फिरवली?