कुंडींतील पाणी

घरांतील रोप पाण्यावांचून मरतें, असा पुष्कळांचा समज असतो. आमचाही होता. गेल्या पावसाळ्यांत आमची मनी प्लांटची वेल पिवळी पडूं लागली, तेव्हां आम्हीं तिला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलें. पंधरा दिवसांत तिचीं मुळें कुजलीं. मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सदैव पाण्यानें भरलेल्या राहिल्या, कीं तीं गुदमरतात. म्हणून मातींत बोटाचीं दोन पेरें खुपसून पाहावें. कोरडें लागलें तरच पाणी घालावें. कुंडीच्या बुडाशीं छिद्र मात्र अवश्य हवें.

ज्यांस विसरण्याची खोड आहे (विद्यार्थिमित्रांत असे थोडे नाहींत!) त्यांनीं तलवारीसारख्या उभ्या पानांचा, मूळचा पश्चिम आफ्रिकेंतील स्नेक प्लांट लावावा. तो जाड पानांत पाणी सांठवितो व पानांचीं रंध्रें बहुतेक रात्रींच उघडतो, त्यामुळें त्यांतील पाणी फारसें उडून जात नाहीं. हिवाळ्यांत पंधरवड्यांतून एकदां पाणी त्यास पुरतें.

मनी प्लांटच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते. स्नेक प्लांटही खाण्याजोगा नव्हे. घरांत रांगतें मूल असल्यास दोन्ही कुंड्या उंचावर ठेवाव्या, आणि वेलीचे लोंबते शेंडे वेळचेवेळीं छाटावे.