पिन कोडचा सातारा, खानेसुमारीची सांगली

पिन कोडच्या सहा आकड्यांत पत्र कुठे न्यायचे याचा सगळा हुकूम असतो. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो. असे आठ विभाग भूगोलाप्रमाणे पाडलेले आहेत आणि नववा लष्करी टपालासाठी राखलेला आहे. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून ४ चा विभाग होतो. दुसऱ्या आकड्याने त्याचा पोटविभाग कळतो, तिसऱ्याने टपालाची वर्गवारी होणारा जिल्हा. उरलेले तीन आकडे थेट त्या पोस्टाचे असतात, जिथून पोस्टमन टपाल घेऊन बाहेर पडतो. ४१५११० म्हटले की कराड, ४१६४१६ म्हटले की सांगली, ४१५००१ म्हणजे साताऱ्याचे मुख्य पोस्ट.

ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले हे अधिकारी संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. अनेक भाषा, अनेक लिप्या, एकाच नावाची शेकडो गावे आणि न लागणारे हस्ताक्षर यांतून वाट काढायची तर आकड्यांशिवाय गत्यंतर नव्हते. वेलणकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांच्या पद्धतीत या जिल्ह्याचा बहुतेक भाग साताऱ्याबरोबर ४१५ मध्येच येतो. सह्याद्रीच्या दोन बाजूंची, पाऊसपाण्यापासून बोलीपर्यंत वेगळी असलेली ही माणसे टपालखात्याच्या हिशेबी एकाच पोत्यातली.

इथेच पुष्कळांची पहिली फसगत होते. पिनमधला ‘जिल्हा’ म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा जिल्हा नव्हे. सातारा जिल्ह्यातले वाई ४१२८०३, पाचगणी ४१२८०५ आणि महाबळेश्वर ४१२८०६. हे ४१२ चे आकडे पुणे जिल्ह्यातल्या सासवड-भोरच्या पंक्तीला बसतात. फलटण, कोरेगाव, पाटण मात्र ४१५ मध्ये. सांगली जिल्ह्याचे तर सरळ दोन तुकडे आहेत. सांगली, मिरज, तासगाव, जत, कवठेमहांकाळ ४१६ मध्ये, म्हणजे कोल्हापूर आणि सिंधुदुर्गाच्या सोबतीला. विटा ४१५३११, आटपाडी ४१५३०१, शिराळा ४१५४०८ आणि इस्लामपूर ४१५४०९ ही ठाणी मात्र साताऱ्याच्या रांगेत.

इतिहास ठाऊक असणाऱ्याला या तुकड्यांत जुनी हद्द दिसल्यासारखी वाटते. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. वाळवा, शिराळा, खानापूर, तासगाव हे जुन्या साताऱ्याचे तालुके आणि सांगली, मिरज, जत या विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा झाला. नोव्हेंबर १९६० मध्ये त्याचेच नाव सांगली पडले. पण पिनची रेघ या हद्दीवरून तंतोतंत जात नाही. तासगाव जुन्या साताऱ्यातले असून ४१६ मध्ये आहे. टपाल जाते ते रेल्वेच्या आणि गाडीरस्त्याच्या वाटेने. नकाशा समोर ठेवला की इस्लामपूर-शिराळ्याची पाठ कराडला लागलेली दिसते आणि तासगावचे तोंड मिरजेकडे. पलूस आणि कडेगाव हे तालुके मागाहून झाले, तरी पलूसचा पिन तासगावप्रमाणे ४१६ चा आणि कडेगावचा विट्याप्रमाणे ४१५ चा. तालुके फुटले म्हणून पिन फुटला नाही. नावे बदलली तरी हेच. इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला, पण पाकिटावरचे ४१५४०९ त्यामुळे हलत नाही.

टपालखात्याचा स्वतःचा कारभारही जिल्ह्याच्या चौकटीत मावत नाही. सातारा जिल्ह्यात साताऱ्याचा एक आणि कराडचा एक असे दोन डाक विभाग आहेत, आणि ते पुण्याच्या क्षेत्रीय कार्यालयाखाली येतात. सांगलीचा डाक विभाग येतो गोवा क्षेत्रात, ज्याचे कार्यालय पणजीला आहे. म्हणजे कृष्णेच्या एकाच खोऱ्यातल्या शेजारी गावांच्या टपालाच्या तक्रारी वरच्या पायरीवर गेल्या की एक पुण्याला पोचते आणि दुसरी पणजीला.

खेड्यात पिनचा अर्थ आणखी एका पायरीने बदलतो. शहरात एका पिनखाली काही पेठा असतात, ग्रामीण भागात एका पिनखाली गावांची लांबलचक यादी असते. मुख्य डाकघर, त्याखाली उपडाकघर आणि त्याखाली खेड्यातले शाखा डाकघर अशी ही उतरंड आहे. शाखा डाकघर बहुधा एखाद्या खोलीत भरते आणि ग्रामीण डाक सेवक ते चालवतात. त्याला स्वतःचा पिन नसतो, वरच्या उपडाकघराचा पिनच त्याला लागू होतो. देशात दीड लाखाहून अधिक पोस्टे आहेत आणि पिन आहेत सुमारे १९ हजार, याचे कारण हेच.

म्हणूनच ‘मु. पो. ता. जि.’ ही जुनी चार अक्षरे अजून कामाची आहेत. गावात पोस्ट असेल तर ‘मु. पो.’ एका दमात लिहितात. नसेल तर मुक्काम एका गावचा आणि पोस्ट दुसऱ्या गावचे. शिराळ्याच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीचे पत्र मुंबईत पेटीत पडले की वर्गवारी करणारा आधी ४१५ पाहतो, नंतर पुढचे तीन आकडे. उपडाकघरात पोचल्यावर पिनचे काम संपते. तिथून पुढे ‘पो.’ पाहून शाखा डाकघराची पिशवी ठरते आणि ‘मु.’ पाहून डाक सेवकाची सायकल किंवा मोटारसायकल कोणत्या वाडीला वळायची ते. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत आकड्यांपेक्षा माणूस ओळखीचा असणेच जास्त उपयोगी पडते.

नावांच्या घोळात मात्र पिनला तोड नाही. नागठाणे नावाचे एक गाव साताऱ्याजवळ महामार्गावर आहे, दुसरे पलूस तालुक्यात कृष्णाकाठी. बालगंधर्वांचे जन्मगाव ते हे दुसरे. पहिल्याचा पिन ४१५ ने सुरू होतो, दुसऱ्याचा ४१६ ने. सातारा जिल्ह्यातले खंडाळा ४१२८०२ आणि लोणावळ्याच्या शेजारचे खंडाळा ४१० चे. रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द यांसारख्या जोडगावांचा फरक मात्र आकड्यांवर सोडून चालत नाही, तो अक्षरांतच लिहावा लागतो.

याच मुलखाचा आकड्यांचा दुसरा नकाशा जनगणनेचा. त्यातही गावाला सहाच आकड्यांचा क्रमांक असतो, पण तो वेगळा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७, सातारा जिल्ह्याचा ५२७ आणि राज्याच्या यादीत अगदी शेवटी सांगलीचा ५३१. तालुक्यालाही क्रमांक, आणि त्याखाली प्रत्येक महसुली गावाला सहा आकड्यांचा स्वतंत्र क्रमांक. पिन अनेक गावांत वाटून घेतलेला असतो. जनगणनेचा क्रमांक एका गावाला एकच. गाव धरणाच्या पाण्याखाली जाऊन ओसाड झाले तरी महसुली नोंद उरली असेल तोवर ते यादीत राहते, लोकसंख्येच्या रकान्यात शून्य मांडून. पोस्ट मात्र माणसे गेली की उठते.

२०११ ची ही मोजणी सांगते की सातारा जिल्ह्यात ३०,०३,७४१ माणसे होती आणि सांगलीत २८,२२,१४३. साताऱ्याचे क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर, सांगलीचे ८,५७२. त्यामुळे दर चौरस किलोमीटरला साताऱ्यात २८७ माणसे पडतात, सांगलीत ३२९. राज्याची सरासरी ३६५. साक्षरता साताऱ्यात ८२.८७ टक्के, सांगलीत ८१.४८ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या आसपासच.

लक्ष वेधून घेतात ते वाढीचे आकडे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली. सांगलीची वाढली ९.२४ टक्क्यांनी आणि साताऱ्याची अवघ्या ६.९३ टक्क्यांनी. धरणे, साखर कारखाने, द्राक्षबागा आणि हमरस्ता असलेला हा सधन म्हणवणारा पट्टा वाढीत मागे का, याचे एक उत्तर लहान कुटुंबात आहे आणि दुसरे मुंबई-पुण्याच्या गाडीत. साताऱ्यात दर हजार पुरुषांमागे ९८८ स्त्रिया मोजल्या गेल्या. राज्यात हा आकडा ९२९ होता. पाटण, जावळी अशा डोंगरी तालुक्यांत तर बायकांची संख्या पुरुषांहून जास्त भरली. या तालुक्यांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत गिरणीत, गोदीत आणि बाजारात माथाडी म्हणून राबत आले, आणि त्यांच्या मनीऑर्डरी गावच्या पोस्टात येत राहिल्या. ९८८ चा हा आकडा मुलींच्या भाग्याचा मानून कुणी खूश होईल, तर त्याने शेजारचा रकाना पाहावा. शून्य ते सहा वयोगटात साताऱ्यात हजार मुलग्यांमागे ८९५ मुली होत्या आणि सांगलीत ८६७. सांगलीत २००१ साली हाच आकडा ८५१ होता. मोठ्या वयात बायका जास्त दिसतात कारण पुरुष परगावी आहेत. लहान वयात मुली कमी दिसतात त्याला स्थलांतराचे कारण पुरत नाही.

सांगलीच्या पूर्व भागातून आणि साताऱ्याच्या माण-खटावातून माणसे आणखी लांब गेली. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या पट्ट्यातल्या गलाई बांधवांनी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभरच्या सराफ बाजारांत दुकाने थाटली. त्यांची घरे, शेती आणि गावच्या जत्रेची वर्गणी विटा-आटपाडीकडे, पण जनगणनेत ते मोजले जातात जिथे राहतात तिथे, म्हणजे केरळात, तमिळनाडूत किंवा उत्तर प्रदेशात.

उलट दिशेने येणारेही आहेत. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली आणि १ मार्चची पहाट उजाडण्याआधीचा मध्यरात्रीचा क्षण हा हिशेबाचा क्षण धरला गेला. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड टोळ्या तेव्हा कृष्णाकाठच्या फडांत आणि कारखान्यांच्या तळांवर कोप्या घालून असतात. नियम असा की मोजणीचा सगळा काळ जो घराबाहेर असेल त्याला घरी मोजायचे नाही, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे त्या टोळ्या नियमाने साताऱ्या-सांगलीच्याच आकड्यांत बसायला हव्यात. पण पहाटे अंधारात फडात जाणारी आणि चार दिवसांनी मुकादम सांगेल तिथे तळ हलवणारी माणसे प्रगणकाला गाठायची कशी, हा या पद्धतीतला सगळ्यांत अवघड भाग. ज्यांना घरच नाही अशांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री वेगळी होते.

ग्रामीण कुणाला म्हणायचे, याचाही जनगणनेचा ठोकताळा ठरलेला आहे. महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा छावणी असेल तर गाव शहरी. नसेल तर तीन कसोट्या एकदम उतराव्या लागतात: वस्ती किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. तिसऱ्या कसोटीत कृष्णाकाठची बहुतेक मोठी गावे अडकतात. दुमजली घरे, बँक, महाविद्यालय, मंगल कार्यालय सगळे असते, पण पुरुष ऊस पिकवतात, म्हणून गाव ग्रामीण. या हिशेबाने २०११ मध्ये साताऱ्याची जेमतेम १९ टक्के वस्ती शहरी निघाली आणि सांगलीची साडेपंचवीस टक्के. राज्याची सरासरी ४५ टक्क्यांच्या वर होती. सांगलीच्या शहरी आकड्यातला मोठा वाटा १९९८ मध्ये झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा, जिथे २०११ मध्ये पाच लाखांहून थोडी अधिक वस्ती होती.

या दोन नकाशांची सांधेजोड करण्याचा मोह हल्ली पुष्कळांना होतो. ग्राहकांचे पिन गोळा करायचे, त्यावर जिल्ह्याची लोकसंख्या लावायची आणि कुठे किती मागणी आहे ते ठरवायचे. ४१५ म्हणजे सातारा असे ज्याने गृहीत धरले, त्याच्या हिशेबात इस्लामपूर, विटा, शिराळा, आटपाडी आणि बहुतेक रत्नागिरी जिल्हा साताऱ्याच्या खात्यावर जमा होतो, आणि वाई-महाबळेश्वर खात्यातून गळते. एखाद्या पिनखालची लोकसंख्या काढायचीच असेल तर त्या उपडाकघराखालच्या गावांची यादी करून, प्रत्येक गावाचा जनगणना क्रमांक शोधून बेरीज करावी लागते. गाव एकाच पोस्टाकडे नसून त्याच्या वाड्या दोन पोस्टांत विभागलेल्या असतील तर तीही बेरीज चुकते.

नेमक्या जागेसाठी टपालखात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला. देशाच्या भूमीचे सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन पाडून प्रत्येकाला अक्षरे आणि आकडे मिळून दहा चिन्हांचा पत्ता दिला गेला. रस्त्याला नाव नसलेल्या वस्त्यांवर, मळ्यातल्या एकट्या घरांना, डोंगरातल्या धनगरवाड्यांना याचा उपयोग होण्यासारखा आहे. मात्र त्याने जुना सहा आकडी पिन रद्द झालेला नाही, आणि डिजिपिन हा जागेचा क्रमांक आहे, तिथे राहणाऱ्या माणसांचा नव्हे.

माणसांची पुढची मोजणी २०२१ मध्ये व्हायची होती. कोविडमुळे ती लांबली आणि आता १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक ठरला आहे. आधी घरयादी, मग फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष शिरगणती, आणि या वेळी नोंदी कागदाऐवजी मोबाइलवर. मोजणीआधी जिल्हे, तालुके आणि गावांच्या हद्दी गोठवल्या जातात, म्हणजे मध्येच कुणी नवा तालुका काढला तरी हिशेब जुन्या हद्दींवरच होतो. फेब्रुवारी असल्याने ऊसतोड टोळ्या तेव्हाही फडातच असतील. तोवर कुणाही गावाची लोकसंख्या म्हणून जी सांगितली जाते ती २०११ ची, नाहीतर तिच्यावरून बांधलेला अंदाज.